फोकसचा बिंदू कोणी निवडायचा?

मागच्या व्याख्यानात आपण ॲपर्चर पाहिलं. लेन्सचं छिद्र मोठं केलं की चित्रात स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होतो, लहान केलं की तो रुंद होतो, एवढं आता आपल्या लक्षात आहे. आजचा विषय त्याला लागूनच आहे. हा स्पष्ट पट्टा नेमका कुठे पडावा, हे ठरवायचं कोणी? कॅमेऱ्याने की आपण? व्ह्यूफाइंडरमध्ये किंवा पडद्यावर जे छोटे चौकोन दिसतात, ज्यांना आपण ऑटोफोकसचे बिंदू म्हणतो, त्यांच्याबद्दल आज बोलू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. फोटो ‘हलला’ असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात तीन वेगवेगळ्या तक्रारी असतात. आपला हात हलला, तर सगळं चित्र एकाच दिशेने फरपटलेलं दिसतं. समोरचा माणूस हलला, तर तो तेवढा पुसट आणि मागची भिंत स्वच्छ दिसते. तिसरी तक्रार फोकसची. तिची ओळख अशी, की फोटो मोठा करून पाहिला तर त्यात काहीतरी लख्ख स्पष्ट असतंच, फक्त ते आपल्याला हवं ते नसतं. डोळे पुसट आणि कान स्पष्ट. चेहरा पुसट आणि हातातला हार स्पष्ट.

ही तिसरी तक्रार जास्त महागात पडते. उजेड थोडा कमी-जास्त झाला, रंग पिवळट आला, चौकट जरा तिरकी झाली, तर संगणकावर बरंच सावरता येतं. फोकस भलत्या ठिकाणी पडला असेल, तर जो तपशील सेन्सरवर उमटलाच नाही तो नंतर आणायचा कुठून? धार वाढवणारी सॉफ्टवेअरं आहेत, पण ती अंदाज बांधतात. खरी पापणी परत आणत नाहीत. म्हणून हा निर्णय बटण दाबण्याच्या आधीचा आहे.

अंतरपाट खाली येतो तेव्हा

आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा प्रसंग घेऊ. मराठी लग्न. शेवटचं मंगलाष्टक संपतं, अंतरपाट बाजूला होतो, अक्षता उडतात, वधू-वर एकमेकांना हार घालतात. हा सगळा खेळ काही सेकंदांचा. ‘पुन्हा एकदा करा’ असं गुरुजींना सांगता येत नाही.

आता समजा, तुमच्या कॅमेऱ्यात बिंदूंची निवड ऑटोवर आहे. म्हणजे सगळे बिंदू जागे आहेत आणि त्यातला कोणता वापरायचा हे कॅमेरा ठरवणार. अशा वेळी बहुतेक कॅमेऱ्यांचा कल सारखाच असतो : बिंदूंखाली येणाऱ्या गोष्टींपैकी जी सगळ्यात जवळ आहे आणि जिच्यात उठून दिसणारी कड किंवा पोत आहे, ती पकडायची. हा कल मूर्खपणाचा नाही. सहलीच्या फोटोत माणूस पुढे आणि डोंगर मागे असतो. जवळचं पकडलं की माणूस स्पष्ट येतो. दहातल्या सात-आठ वेळा हे जमून जातं.

पण लग्नात जवळ काय आहे? अंतरपाटाची किनार. गुरुजींचा खांदा. हार धरलेला हात. कोणीतरी उंच धरलेला मोबाइल. आणि हवेतल्या अक्षता. वधूचा चेहरा या सगळ्यांच्या मागे आहे. कॅमेरा इमानेइतबारे हाराच्या फुलांवर फोकस लावतो, ‘टिक्’ असा आवाज देतो, हिरवा चौकोन दाखवतो, आणि आपण निश्चिंत होऊन बटण दाबतो. रात्री घरी फोटो पाहतो तेव्हा निशिगंधाची पाकळी न् पाकळी दिसते, वधूचे डोळे मात्र धुक्यात.

इथे कॅमेरा चुकला असं म्हणता येणार नाही. त्याला अंतर कळतं, नातं कळत नाही. या फोटोत महत्त्वाचं कोण, हे त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं. बिंदू निवडणं म्हणजे ते सांगणं. आजचं सगळं व्याख्यान या एका वाक्याचा विस्तार आहे.

कॅमेरा अंतर कसं ओळखतो

बिंदू नीट निवडायचा, तर तो काय करतो हे थोडं समजून घ्यायला हवं. एक प्रयोग बसल्या जागी करा. तर्जनी डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर धरा. आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडे सरकल्यासारखं दिसतं. आता हात लांब करून पुन्हा तेच करा. या वेळी बोट कमी सरकतं. म्हणजे दोन जागांवरून पाहिलेल्या दोन चित्रांतला फरक मोजला, की अंतराचा अंदाज येतो.

डीएसएलआर कॅमेरा नेमकं हेच करतो. लेन्सच्या एका कडेने आलेला प्रकाश आणि समोरच्या कडेने आलेला प्रकाश यांची दोन छोटी चित्रं तो शेजारी शेजारी ठेवून पाहतो. त्यासाठी मुख्य आरशाचा मधला भाग थोडा पारदर्शक असतो, त्याच्यामागे दुसरा लहान आरसा असतो, आणि तो प्रकाश खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या फोकसच्या खास सेन्सरकडे पाठवतो. दोन चित्रं जुळली की फोकस लागला. जुळली नाहीत, तर ती कोणत्या बाजूला आणि किती सरकली आहेत यावरून लेन्स कुठे न्यायची हे लगेच कळतं. या पद्धतीला फेज डिटेक्शन म्हणतात. ती चपळ आहे, कारण तिला दिशा माहीत असते.

दुसरी पद्धत कॉन्ट्रास्टची. जुन्या रेडिओवर आपण स्टेशन कसं लावायचो? बटण फिरवत न्यायचो, आवाज स्वच्छ व्हायचा, थोडं पुढे गेलं की पुन्हा खरखर, मग मागे यायचो. जुन्या डीएसएलआरवर पडद्यात बघून फोटो काढताना लेन्स जी पुढेमागे घुटमळते, ती याच कारणाने. मिररलेस कॅमेऱ्यांत आता फेज डिटेक्शनची सोय थेट चित्र टिपणाऱ्या सेन्सरवरच केलेली असते. कॅननने २०१३ साली ७०डी या डीएसएलआरमध्ये सेन्सरवरचे पिक्सेल दोन भागांत विभागून ही युक्ती आणली होती; पुढे मिररलेसमध्ये ती सर्रास झाली.

दोन्ही पद्धतींना एक गोष्ट लागतेच. ती म्हणजे पकडायला कड, रेष किंवा पोत. कोऱ्या भिंतीची दोन चित्रं कशीही सरकवा, ती सारखीच दिसणार. मग कॅमेरा चाचपडत राहतो. म्हणून बिंदू पांढऱ्याशुभ्र सदऱ्याच्या मधोमध ठेवू नका. कॉलरच्या कडेवर ठेवा. वारकऱ्याचा फोटो घेताना टोपीच्या पांढऱ्या भागावर बिंदू धरला तर लेन्स घुटमळेल. टोपीखालच्या कपाळावरच्या गंधावर किंवा भुवईवर धरला तर चटकन लागेल. पैठणीच्या पदराची अडचण कधीच येत नाही. उलट तो इतका नक्षीदार असतो, की चेहऱ्याऐवजी कॅमेऱ्याचं लक्ष तोच खेचून घेतो.

सगळे बिंदू सारखे नसतात

१९८५ साली मिनोल्टा ७००० हा कॅमेरा आला. ऑटोफोकसची यंत्रणा कॅमेऱ्याच्या अंगातच बसवलेल्या एसएलआर कॅमेऱ्यांचं युग तिथून खऱ्या अर्थाने सुरू झालं. त्याला फोकसची जागा एकच होती, चौकटीच्या मध्यभागी. त्यामुळे ‘कोणता बिंदू’ हा प्रश्नच नव्हता. पुढे संख्या वाढत गेली. १९९२ साली कॅननने ईओएस ५ या फिल्म कॅमेऱ्यात पाच बिंदू दिले आणि व्ह्यूफाइंडरमध्ये ज्या बिंदूकडे डोळा वळेल तो निवडला जाईल अशी सोय केली. २००७ च्या निकॉन डी३०० मध्ये ५१ बिंदू होते. आजच्या मिररलेसमध्ये जवळपास सगळी चौकटच बिंदूंनी व्यापलेली असते.

पण आपल्यापैकी अनेकांच्या हातात अजूनही साधा डीएसएलआर आहे. निकॉन डी३५०० असेल तर ११ बिंदू, कॅनन १५००डी असेल तर ९. आणि या दोन्हींत मधला एकच बिंदू क्रॉस प्रकारचा आहे. क्रॉस म्हणजे काय? साधा बिंदू एकाच दिशेच्या रेषा नीट ओळखतो : काही उभ्या, काही आडव्या. क्रॉस बिंदू दोन्ही ओळखतो.

हे घरी तपासून बघा. समोर फक्त आडव्या रेषा असतील असं काहीतरी घ्या : जिन्याच्या पायऱ्या, खिडकीची पट्ट्यांची झडप. एका बाजूचा बिंदू निवडा आणि शटरचं बटण अर्धं दाबा. मग कॅमेरा उभा धरून तोच बिंदू त्याच रेषांवर ठेवा. काही बिंदू एका स्थितीत झटकन लागतात आणि दुसऱ्या स्थितीत चाचपडतात. मधला बिंदू दोन्ही वेळा लागतो. अंधाऱ्या कार्यालयात कडेच्या बिंदूने दगा दिला, तर मधल्याकडे का यायचं, याचं उत्तर यात आहे.

लेन्सचाही यात वाटा असतो. डीएसएलआरमध्ये तुम्ही एफ ८ निवडलं असलं, तरी फोटो निघेपर्यंत लेन्स पूर्ण उघडी असते आणि फोकस त्या उघड्या छिद्रातून होतो. म्हणून एफ १.८ ची लेन्स अंधारात जास्त खात्रीने फोकस लावते, जरी फोटो तुम्ही एफ ८ वर काढत असलात तरी.

आणखी एक बारकावा. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारा चौकोन आणि त्याच्यामागचा खरा सेन्सर, यांचा आकार तंतोतंत सारखा नसतो. बऱ्याच डीएसएलआरमध्ये खरी जागा चौकोनापेक्षा थोडी मोठी असते. नवरीच्या मुंडावळ्या गालांवरून खाली लोंबत असतात, मोत्यांच्या, चमकदार आणि डोळ्यांच्या किंचित पुढे. आपण बिंदू डोळ्यावर ठेवतो, पण कडेला मोती असतो आणि फोकस मोत्यावर जातो. अशा वेळी कॅमेऱ्याकडे जास्त वळलेला, म्हणजे मुंडावळीपासून मोकळा दिसणारा डोळा निवडावा.

निवडीच्या पद्धती

कंपन्यांनी नावं निराळी ठेवली आहेत, पण मूळ प्रकार चारच.

पहिला, पूर्ण ऑटो. याचं वागणं आपण पाहिलं. दुसरा, एकच बिंदू : आपण एक चौकोन निवडायचा आणि कॅमेऱ्याने फक्त तिथेच बघायचं. स्थिर माणूस, मूर्ती, फूल, वास्तू यांच्यासाठी हा सगळ्यात विश्वासाचा. तिसरा, बिंदू आणि त्याचे शेजारी. निकॉनमध्ये याला डायनॅमिक म्हणतात. मुख्य बिंदू आपणच निवडतो, पण विषय क्षणभर त्यातून निसटला तर आजूबाजूचे बिंदू सांभाळून घेतात. अंगणात पळणाऱ्या मुलासाठी हा बरा. चौथा, झोन किंवा गट : चौकटीचा एक तुकडा आपण देतो आणि त्या तुकड्यात कॅमेरा स्वतः ठरवतो. तुकड्यापुरता तो पुन्हा ‘जवळचं पकड’ या सवयीवर जातो, हे विसरू नका.

यातून एक सोपा नियम निघतो. विषय आणि तुमच्यामध्ये जितके अडथळे जास्त, तितका बिंदू लहान ठेवा. विषय जितका सैरभैर आणि मोकळ्यावर, तितकी जागा मोठी द्या.

ताडोबात बांबूच्या जाळीमागे वाघ बसला आहे. मध्ये गवताच्या काड्या आहेत. झोन दिला तर कॅमेरा काडी पकडणार, हे ठरलेलं. एकच बिंदू, शक्य तितका लहान, आणि तो काड्यांमधल्या फटीतून डोळ्यावर किंवा डोळ्याशेजारच्या पट्ट्यावर. आता भिगवणला उजनीच्या पाणलोटावर या. रोहित पक्ष्यांचा थवा आकाशात उडतो आहे. मागे कोरं आकाश, मध्ये काहीच नाही. इथे एका लहान बिंदूखाली उडता पक्षी धरून ठेवणं कठीण. झोन दिला तर आकाशात पकडण्यासारखं दुसरं काही नसल्याने कॅमेरा पक्षीच पकडेल. तोच थवा पाण्यालगत उतरायला लागला, की लाटा आणि पाणवनस्पती स्पर्धेत उतरतात. मग जागा पुन्हा लहान करायची. ठिकाण तेच, पक्षी तेच, पाठीमागचा पडदा बदलला म्हणून निवड बदलली.

मध्ये फोकस लावून चौकट हलवणं

आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी शिकलेली युक्ती म्हणजे मधल्या बिंदूने डोळ्यांवर फोकस लावायचा, बटण अर्धं दाबून धरायचं, आणि कॅमेरा वळवून हवी ती चौकट करायची. ही युक्ती वाईट नाही. पण ती कुठे चालते आणि कुठे फसते, याचा हिशेब मांडता येतो.

फोकस हा एका बिंदूवर नसतो. तो कॅमेऱ्यासमोर उभ्या धरलेल्या काचेसारखा, सपाट पडद्यावर असतो. कॅमेरा वळवला की ती काचही वळते, आणि ज्या डोळ्यांवर आपण फोकस लावला होता ते काचेच्या अलीकडे राहतात. म्हणजे फोकस डोळ्यांच्या मागे पडतो.

किती मागे? समजा, एपीएस-सी आकाराच्या सेन्सरचा कॅमेरा आहे, ५० मिलिमीटरची लेन्स एफ १.८ वर आहे आणि माणूस दीड मीटरवर आहे. या मांडणीत स्पष्ट पट्टा सगळा मिळून सुमारे ६ सेंटिमीटरचा. म्हणजे डोळ्यांच्या पुढे ३ आणि मागे ३. उभ्या चौकटीत डोळे बरेच वर घेण्यासाठी कॅमेरा साधारण ९ अंश वळवला, तर फोकस जवळपास २ सेंटिमीटर मागे सरकतो. ३ पैकी २ तिथेच खर्च झाले. उरला १ सेंटिमीटर. उभ्या माणसाचा तोल तेवढा तर सहज पुढेमागे होतो. इथे चौकट आधी ठरवायची आणि डोळ्यावर येणारा बिंदू निवडायचा, हेच शहाणपण.

तीच लेन्स एफ ८ वर नेली, तर पट्टा २८-३० सेंटिमीटरचा होतो. त्यात २ सेंटिमीटरची चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून दिवसाउजेडी, लहान छिद्रावर, लांबचा विषय असेल तर मधला बिंदू वापरून खुशाल चौकट हलवा. छिद्र मोठं आणि अंतर कमी असेल, तर बिंदू हलवा.

हलता विषय

बिंदू बरोबर निवडला तरी एक खिंड उरते, ती वेळेची. एएफ-एस किंवा वन शॉट या पद्धतीत बटण अर्धं दाबलं की फोकस लागतो आणि तिथेच गोठतो. समोरून चालत येणारा माणूस सेकंदाला मीटरभर तरी पुढे येतो. फोकस लागल्यावर तुम्ही पाव सेकंदाने बटण दाबलंत, तर तो पाव मीटर, म्हणजे २५ सेंटिमीटर पुढे आलेला असतो. मघाच्या ६ सेंटिमीटरच्या पट्ट्यात त्याला कसं बसवणार? म्हणून दिंडीत समोरून येणाऱ्या मृदंगवादकाला टिपताना एएफ-सी, कॅननच्या भाषेत सर्व्हो, ही पद्धत लावायची. तीत बटण अर्धं दाबून ठेवलं की फोकस सतत बदलत राहतो. मात्र बिंदू त्या माणसावर टिकवून ठेवणं हे आपलं काम. एएफ-सीमध्ये चौकट हलवण्याची जुनी युक्ती चालत नाही. बिंदू चेहऱ्यावरून सरकला की फोकसही सरकतो.

आणखी एक. एएफ-एसमध्ये फोकस लागल्याची खात्री झाल्याशिवाय बहुतेक कॅमेरे फोटोच घेत नाहीत. अंतरपाट खाली आला, लेन्स चाचपडते आहे, बटण पूर्ण दाबूनही काही होत नाही, असा अनुभव येतो तो यामुळे. उपाय आधीच करून ठेवायचा. मंगलाष्टकं चालू असतानाच आपली जागा ठरवा, वधू जिथे उभी आहे तो बिंदू निवडा, छिद्र एफ ४ च्या आसपास आणा. अंतरपाट हलला की फक्त बटण दाबायचं राहिलं पाहिजे.

डोळा ओळखणारे कॅमेरे आले, मग हे सगळं कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. नवे मिररलेस कॅमेरे चेहरा आणि डोळा ओळखतात, काही पक्षी आणि प्राणीही ओळखतात. ही सोय उत्तम आहे आणि ती असेल तर जरूर वापरा. पण तिला डोळा ओळखता येतो. कोणाचा डोळा, हे तिला ठाऊक नाही. लग्नाच्या व्यासपीठावर गुरुजी, मामा, करवली, वधू, वर असे पाच चेहरे एका चौकटीत असतात. त्यातला कोणता, हे अजूनही आपणच सांगायचं असतं : आपला बिंदू त्या चेहऱ्यावर नेऊन किंवा पडद्यावर बोट टेकवून. चेहरा पूर्ण बाजूला वळला, डोळ्यांवर गॉगल आला, पदर पुढे आला, तर ओळखही डळमळते. २०२१ मध्ये कॅननने आर३ या मिररलेसमध्ये डोळ्याच्या नजरेने बिंदू निवडण्याची १९९२ ची कल्पना पुन्हा आणली, यातच सगळं आलं. यंत्र कितीही हुशार झालं, तरी फोटो काढणारा कुठे बघतो आहे, हे त्याला विचारावंच लागतं.

आठवडाभराचा सराव

कॅमेरा पूर्ण ऑटो मोडवरून काढा, कारण अनेक कॅमेऱ्यांत त्या मोडमध्ये बिंदू निवडूच देत नाहीत. पी किंवा ॲपर्चर प्रायॉरिटीवर या आणि ‘एकच बिंदू’ लावा. जेवणाच्या टेबलावर तीन वाट्या एकामागे एक, वीत-वीत अंतरावर ठेवा. पहिला फोटो पूर्ण ऑटोवर काढा. मग बिंदू हलवून एकदा पुढची, एकदा मधली, एकदा मागची वाटी स्पष्ट येईल असे तीन फोटो काढा. तीन वाट्या, तीन फोटो, तीन वेगळी वाक्यं. रोज दहा मिनिटं हे करा. डोळा व्ह्यूफाइंडरवरून न काढता अंगठ्याने बिंदू हलवता आला पाहिजे. स्कूटरचा गिअर आपण खाली बघून बदलत नाही, तसं.

आता काही प्रश्न घेऊ.

प्रश्न : गणपतीच्या मूर्तीचा फोटो घेताना हात स्पष्ट येतो आणि चेहरा पुसट. असं का?

आशीर्वादाचा हात आणि सोंड कॅमेऱ्याच्या सर्वांत जवळ असतात, म्हणून ऑटो निवड तिथे जाते. एकच बिंदू घ्या आणि तो मूर्तीच्या डोळ्याच्या रेखणीवर ठेवा. तिथे काळी रेघ आणि पांढरा रंग शेजारी असल्याने फोकस पटकन लागतो. हातही स्पष्ट हवा असेल, तर बिंदू डोळ्यावरच ठेवून छिद्र एफ ८ पर्यंत लहान करा. उजेड कमी पडला तर आयएसओ वाढवा. आरतीच्या वेळी निरांजनाच्या ज्योतीवर बिंदू ठेवू नका. ज्योत हलते आणि तिची कड पक्की नसते.

प्रश्न : घरातला वीस जणांचा ग्रुप फोटो, दोन रांगा. बिंदू कोणावर?

पुढच्या रांगेतल्या मधल्या माणसाच्या डोळ्यावर. स्पष्ट पट्टा फोकसच्या पुढे थोडा कमी आणि मागे थोडा जास्त पसरतो, त्यामुळे मागची रांग सांभाळली जाते. छिद्र एफ ५.६ ते ८ ठेवा आणि रांगांमधलं अंतर कमी करायला सांगा. दोन माणसांच्या मधल्या फटीवर बिंदू पडू देऊ नका. फोकस थेट मागच्या भिंतीवर जाईल.

प्रश्न : शटरच्या बटणावरून फोकस काढून मागच्या बटणावर द्यावा, असं म्हणतात. त्याने फरक पडतो का?

पडतो, सवय झाली तर. फोकसचं काम अंगठ्याकडे आणि फोटोचं काम तर्जनीकडे जातं. अंगठा दाबून धरला की फोकस सतत चालू, सोडला की गोठला. स्थिर आणि हलता असे दोन्ही विषय एकाच मांडणीत हाताळता येतात. पण हा बदल लग्नाच्या आदल्या रात्री करू नका. आधी दोन-तीन आठवडे घरात सराव करा. आणि कॅमेरा दुसऱ्याच्या हाती फोटो काढायला देणार असाल, तर आधी पूर्ववत करा. नाहीतर तो बिचारा फक्त शटर दाबेल आणि फोकस लागणारच नाही.

वेळ संपत आली आहे. पुढच्या वेळी शटरचा वेग घेऊ. तोवर तीन वाट्यांचा सराव करून या, आणि प्रत्येक फोटोआधी एवढंच स्वतःला विचारा, की यात आपल्याला नक्की काय दाखवायचं आहे. उत्तर आलं की बिंदू कुठे न्यायचा ते वेगळं शिकवावं लागत नाही.